मधला आवाज

आमच्या घरच्या मंडळींच्या मते दादांना ऐकू येईनासे झाले होते. दादांच्या मते हल्लीच्या नटांना बोलता येईनासे झाले होते. दोन्ही पक्ष आपापल्या मताला घट्ट धरून होते, आणि दोहोंच्या मधे दिवाणखान्याच्या भिंतीवर दसऱ्याला घेतलेला नवा टेलिव्हिजन लटकत होता. चित्र असे सुरेख की नायिकेच्या पदराचे जरीकाम मोजून घ्यावे. परंतु दादा मात्र दर दोन मिनिटांनी विचारीत, "काय म्हणाला तो?" नातवंडे आवाज वाढवीत. आवाज वाढला की पार्श्वसंगीत वाढे, मोटारींचे कर्णे वाढत, शेजारच्या बिऱ्हाडातील खोकला वाढे. न वाढे ते फक्त नटाचे बोलणे. पुढे पुढे दादांनी विचारणेच सोडले. मंडळी चित्रपट लावून बसली की ते "चालू द्या तुमचे" असे म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडू लागले. शहाऐंशी वर्षांच्या माणसाने तक्रार करणे बंद केले की घरात शांतता होते खरी, पण ती शांतता मला काही बरी वाटेना.

ह्या तंट्याचे मूळ शोधावयास निघालो तो मी थेट जुन्या गिरगावात जाऊन पोहोचलो. ३ मे १९१३ रोजी तेथल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावरील माणसे मुकी होती. अशा खेळांना साथ असे ती पेटी-तबल्याची, आणि ते वाजविणारे बसत पडद्याच्या खाली किंवा एका बाजूला. चित्र एकीकडे, नाद दुसरीकडे. पण त्याबद्दल कोणी कुरकूर केल्याचे ऐकिवात नाही. बोलावयाचेच नसेल तर आवाज कोठून येतो ह्याची पंचाईत कशाला?

ती पंचाईत सुरू झाली १४ मार्च १९३१ रोजी. त्या दिवशी गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमात, अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. स्टुडिओलगत आगगाडीचे रूळ असल्यामुळे गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, बहुतेक मध्यरात्रीनंतर, ह्या चित्राचे ध्वनिमुद्रण करावे लागले होते. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि गोविंदराव टेंबे, दुर्गाबाई खोटे ह्यांच्या तोंडून मराठी ऐकू आले. आता नट बोलू लागला म्हटल्यावर आवाज त्याच्या तोंडून यावयास हवा. त्यासाठी ध्वनिक्षेपक नेऊन ठेवला पडद्याच्या मागे, आणि आवाज अडू नये म्हणून पुढे पडद्यालाच बारीक बारीक भोके पाडण्याची रीत पडली. आजही चित्रपटगृहाच्या पडद्याजवळ जाऊन पाहिलेत तर ती भोके दिसतील.

एकच कर्णा आणि पडदा तर वीस-पंचवीस फूट रुंद. मग डाव्या कोपऱ्यातील नटाचा आवाज डावीकडून कसा येई? येत नसेच. पण आपला कान डोळ्याच्या मुठीत असतो. ज्यांनी यशवंत पाध्यांचा किंवा पुढे रामदास पाध्यांचा अर्धवटराव पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. हलतात ते बाहुल्याचे ओठ, बोलतो शेजारचा माणूस, आणि आपण शपथेवर सांगतो की बाहुलेच बोलले. ध्वनिक्षेपक चित्राच्या जवळपास असला की बाकीचे काम डोळा करून टाकतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की तो जवळपास असावा लागतो.

बहुतेकांची ह्यावर समजूत पटली. एका इंग्रज इंजिनिअराची पटली नाही. त्याचे नाव ॲलन ब्लमलाइन. १९३१ सालच्या सुमारास तो पत्नीबरोबर बोलपट पाहावयास गेला असता नट पडद्यावर ह्या टोकाकडून त्या टोकाला जातो पण त्याचा आवाज जागचा हलत नाही, हे त्याला खटकले. आणि ह्यावर आपल्यापाशी उपाय आहे असे त्याने तिला सांगितले, अशी हकीकत सांगतात. माणसाला दोन कान आहेत तेव्हा ध्वनिमुद्रणालाही दोन वाटा असाव्यात, असा त्याच्या उपायाचा गाभा होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने पेटंटासाठी अर्ज केला. आज आपण ज्याला 'स्टीरिओ' म्हणतो त्याचा पाया त्या कागदात आहे. हा विलक्षण माणूस पुढे युद्धात रडारच्या कामाला लागला आणि ७ जून १९४२ रोजी एका चाचणीच्या विमानाला अपघात होऊन वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. घरोघर स्टीरिओ वाजू लागलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी दुसराच हिशेब मांडला होता. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजला आणि श्रोते बसले होते दूर वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. रिकाम्या रंगमंचावर फक्त ध्वनिक्षेपक. वाद्यवृंदाचा विख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी छडी दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः वॉशिंग्टनला आवाजाची बटणे फिरवीत बसला होता. ह्या प्रयोगात मायक्रोफोन तीन, टेलिफोनच्या वाटा तीन आणि ध्वनिक्षेपक तीन होते: डावा, उजवा आणि मधला.

हा तिसरा, मधला, कशाला? दोन ध्वनिक्षेपकांतून एकच आवाज सारखा सोडला तर तो मधून आल्याचा भास होतो हे खरे. पण ज्याची खुर्ची बरोबर मधोमध आहे त्यालाच. जरा डावीकडे सरका, डाव्या ध्वनिक्षेपकाचा आवाज कानाशी क्षणभर आधी पोहोचतो आणि कान त्यालाच खरा मानतो. मधला गवई भासाच्या आसनावरून उठून डाव्या भिंतीशी जाऊन बसतो. मोठ्या सभागृहात मधोमध बसणारे ते किती? उरलेल्या शेकडो माणसांसाठी मधे खरोखरीचा ध्वनिक्षेपकच हवा. तो भास नसल्यामुळे कोठूनही ऐकले तरी जागचा हलत नाही.

चित्रपटगृहांनी हा धडा कायमचा गिरविला. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेसिया'साठी जी यंत्रणा उभारली तीत पडद्यामागे तीन वाटा होत्या, आणि तेथेही वाद्यवृंदापुढे स्टोकोव्स्कीच होता. ती इतकी खर्चाची ठरली की मोजक्या शहरांपलीकडे गेली नाही. मग १९५३ साली सिनेमास्कोपचा 'द रोब' आला. त्याच्या फितीवर आवाजाचे चार पट्टे होते: तीन पडद्यामागचे आणि चौथा प्रेक्षकांच्या भोवतीचा. आपल्याकडे १९६७ साली 'अराउंड द वर्ल्ड' हा पहिला सत्तर मिलिमीटरचा हिंदी चित्रपट निघाला. परंतु ह्या आवाजाची चटक लोकांना लावली ती १९७५ च्या 'शोले'ने. मिनर्व्हा थिएटरात नाणे उडाले की ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून माणसे वाकून पाहत, असे त्या काळचे लोक अजून सांगतात. मीही वाकलो होतो. कबूल करावयास लाज कसली?

ह्या सगळ्या थाटात एक रिवाज मात्र पक्का राहिला. संगीत डावी-उजवीकडे पसरो, घोड्यांच्या टापा मागून येवोत. नटाचे बोलणे मुख्यतः मधल्या ध्वनिक्षेपकातून यावयाचे.

घराचे दैव निराळे निघाले. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, त्यांना आधार ब्लमलाइनच्याच कल्पनेचा होता: खाच एक, पण तिच्या दोन उतरत्या भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरावयाचे. खाचेला भिंती दोनच असतात, म्हणून घराला वाटा दोनच मिळाल्या! पुढे १९७० नंतर चार ध्वनिक्षेपकांची टूम निघाली आणि बुडाली. त्या चारांतही मधला नव्हताच. सभागृहातील शास्त्र घरी आले नाही, खाचेचा आकार आला.

संगीतापुरते हे एक वेळ चालून जाते. घरात चित्रपट पाहावयाचा म्हटला की अडते, कारण आपल्या घरात मधोमध बसतो कोण? आमच्याकडे कोचाची मधली जागा नातवाची, ती त्याने लहानपणीच बळकावली आहे. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे एक डोळा गॅसवर ठेवता येतो. सून जमिनीवर मटार सोलीत. दादांची आरामखुर्ची डाव्या कोपऱ्यात दाराजवळ, वारा येतो म्हणून. हे कुटुंब म्हणजे छोटे सभागृहच की, आणि त्याला मधला आवाज नाही.

तो घरी परत आणण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा, त्या माणसाचा आपल्या देशाशी संबंध होता हे फारसे कोणाला ठाऊक नसते. रे डॉल्बी हा अमेरिकन तरुण १९६३ ते १९६५ ह्या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून हिंदुस्थानात होता. ध्वनिफितीवर मागे जी अखंड खरखर ऐकू येते ती कशी हटवावी, ह्या विचाराने त्याला येथे असतानाच घेरले. १९६५ साली त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. दहा-बारा वर्षांत तिने साध्या पस्तीस मिलिमीटरच्या फितीवरील दोन पट्ट्यांत चार वाटा गुंडाळून बसविण्याची युक्ती साधली, आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती जगभर नेली. ह्या गुंडाळ्या घरी सोडविण्याचे पहिले यंत्र १९८२ साली आले, पण त्यात मधली वाट नव्हती. ती आली १९८७ साली. १९३३ पासून मोजले तर मधल्या आवाजाला सभागृहातून घरापर्यंत यावयास चोपन्न वर्षे लागली.

१९८७ म्हटल्यावर आपल्याकडे आठवते ते 'रामायण'. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि ज्यांच्याकडे टेलिव्हिजन असे त्यांच्याकडे चपलांचा ढीग लागे. त्या लाकडी कपाटवजा यंत्रांत ध्वनिक्षेपक बहुधा एकच, काचेच्या शेजारी, तोंड आपल्याकडे. राम बोले तो तेथूनच, कैकेयी बोले ती तेथूनच. पण बोले ते समोरून, चित्राच्या जवळून. खोलीत तीस माणसे असली तरी दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईलाही शब्द कळत. दादांनी तेव्हा कधी "काय म्हणाला तो?" असे विचारले नाही. अर्थात तेव्हा त्यांचे कानही अठ्ठेचाळीसच वर्षांचे होते, हे नातवाने लगेच दाखवून दिले.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वयाबरोबर आधी जातात ते तीव्र, बारीक आवाज. आणि आपल्या बोलण्यातील 'स', 'श', 'ख', 'त' ही मंडळी पुष्कळशी त्याच प्रदेशात राहतात. 'स'ची शीळ तर सेकंदाला चार हजारांहून अधिक कंपनांची. स्वर भरदार म्हणून ऐकू येतात, व्यंजने गळून पडतात, आणि माणूस म्हणतो की आवाज येतो पण शब्द कळत नाही. दादा नेमके हेच म्हणत होते. आता ह्यात नव्या यंत्राने भर काय घातली पाहा. टेलिव्हिजन पाटीसारखा सपाट झाला, भोवतीची चौकट गेली, ध्वनिक्षेपकाला समोर जागा उरली नाही. त्याला चपटा करून खाली किंवा पाठीमागे तोंड करून बसविले. खर्जाचा आवाज वळसा घालून येऊ शकतो; बारीक आवाज मात्र सरळ रेषेत जाणारा, तो जातो थेट भिंतीकडे किंवा जमिनीकडे. म्हणजे दादांना ज्याची गरज सर्वांत अधिक तेच ह्या यंत्राने भिंतीला ऐकविले. दादांचा दावा अर्धा तरी खरा होता, आणि आम्ही तो कधी ऐकूनही घेतला नव्हता.

'होम थिएटर' नावाचा सहा खोक्यांचा संसार मधल्या काळात पुष्कळ घरांनी करून पाहिला. त्यात मधले खोके असे. पण पाच दिशांना पाच खोकी, सहावे खर्जाचे, आणि त्यांच्या तारा गालिच्याखालून. केर काढताना झाडूत तार अडके, आणि वर्षाच्या आत मागची दोन खोकी माळ्यावर जात.

साउंड बार ही ह्या संसाराची आवराआवर आहे. हात-दीड हात लांबीची, कधी त्याहून मोठी अशी पट्टी, तीत ओळीने बसविलेले लहान लहान ध्वनिक्षेपक, आणि ती ठेवावयाची बरोबर चित्राच्या खाली. १९९८ साली आल्टेक लान्सिंगने अशी पट्टी काढली. पुढे २००४-०५ च्या सुमारास यामाहाने एकाच पट्टीत चाळीस छोटे ध्वनिक्षेपक बसविले आणि प्रत्येकाला क्षणाच्या सूक्ष्म अंशाने मागेपुढे बोलावयास लावून आवाजाचे झोत तयार केले. झोत बाजूच्या भिंतींवर आपटून ऐकणाराच्या कानी भोवतालून येई. भिंतीकडूनच काम करून घेण्याच्या ह्या विचाराचे एक घराणे बंगालशी जोडलेले आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगून अमेरिकेला गेलेल्या नोनीगोपाल बोस ह्यांचा मुलगा अमर बोस. सभागृहात आपल्याला ऐकू येणारा पुष्कळसा आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो हे ओळखून, १९६८ साली त्याने जे खोके काढले त्यातील नऊ ध्वनिक्षेपकांपैकी आठांची तोंडे मागच्या भिंतीकडे होती! आमच्या दिवाणखान्याला मात्र एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस गॅलरी. उजवा झोत समोरच्या इमारतीला अर्पण. म्हणून भिंतीवरच्या जादूला न भुलता आम्ही खोक्यावरील पहिला आकडा पाहिला. २.१ असेल तर डावा आणि उजवाच, ३.१ किंवा ५.१ असेल तर मधला निराळा असतो. दशांशचिन्हापुढचा एक म्हणजे खर्जाचे खोके. आम्ही तीनवाली घेतली.

ही पट्टी 'बिनतारी' म्हणून विकली गेली, आणि बिनतारी म्हणवणाऱ्या ह्या पट्टीला पहिल्याच दिवशी विजेची तार लावावी लागली. खर्जाचे खोके मात्र खरेच कोपऱ्यात एकटे बसून संदेश झेलते. ह्या विद्येतही आपला एक पूर्वज आहेच: जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथली घंटा वाजविली होती. आजच्या ब्लूटूथला नाव दिले आहे दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचे, आणि त्याची चाल अशी की सेकंदाला सोळाशे वेळा लहरीची जागा बदलावयाची. अशा उड्या मारण्याच्या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हेडी लामार ह्या चित्रपटनटीच्या आणि जॉर्ज अँथाइल ह्या संगीतकाराच्या नावावर नोंदले गेले. त्यांना सुचली होती ती पाणतीर चालविण्यासाठी, आणि उड्यांसाठी धरलेल्या जागा होत्या अठ्ठ्याऐंशी, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

पण बिनतारी मार्गाने आवाज पाठवावयाचा तर त्याची आधी पुडी बांधावी लागते आणि पलीकडे ती सोडावी लागते. ह्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी नायकाने तोंड मिटल्यावर त्याचे वाक्य ऐकू आले. बोलपटांच्या आरंभी आवाज वेगळ्या तबकडीवर असे आणि सुई घसरली की हाच घोटाळा होई. नव्वद वर्षांनी तो आमच्या घरी नव्याने अवतरला. शेवटी नातवाने टेलिव्हिजनपासून पट्टीपर्यंत एक एचडीएमआय तार जोडली, तेव्हा ओठ आणि शब्द जुळले. बिनतारी पट्टीला अशा दोन तारा झाल्या.

धनत्रयोदशीच्या रात्री प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. १९३६ चे चित्र. आवाजाची वाट एकच. पट्टीतील डाव्या-उजव्यांना त्या रात्री फारसे काम नव्हते. मधला तेवढा बोलत होता. दादांना कोणी बोलाविले नव्हते. फराळाच्या ताटातील चकली उचलण्याच्या निमित्ताने ते बाहेर आले, थोडे उभे राहिले, आणि डाव्या कोपऱ्यातील आपल्या खुर्चीवर टेकले. "आजोबा, मधे येऊन बसता का?" नातवाने आपली जागा देऊ केली; घरातील हा प्रसंग नोंद करून ठेवण्यासारखा. "इथून येतंय की ऐकायला," दादा म्हणाले, आणि मग त्यांनी आमच्याकडे लक्ष दिले नाही. विष्णुपंत पागनीसांची शांत मुद्रा आणि तिच्यासमोर आवलीचा तो तोफखाना. दादांना तिचे बोलणे सगळे पाठ. ती तोंड उघडण्याच्या आधीच ते वाक्य पुटपुटत, आणि मागोमाग तेच वाक्य पडद्यावरून येई.

"बाबा, आवाज पुन्हा मागे पडायला लागला वाटतं," असे म्हणत नातू तार तपासावयास उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसविले.